खराब हवेच्या शहरात राहताय? आधी एक खोली नीट करा

हवा बिघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की लोक घाईघाईत दोन गोष्टी करतात. सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतात, आणि एक एअर प्युरिफायर आणून बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे ठेवून देतात. त्याच्यावर हिरवा दिवा लागतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. घरातली हवा मात्र बहुतेक वेळा होती तशीच राहते.

या सगळ्यातून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय, की अख्ख्या घराच्या मागे लागू नये. तुम्ही जिथे झोपता ती एक खोली आधी नीट करावी. तिथे माणूस सलग सात-आठ तास असतो, खोली लहान असते, दार लावता येतं आणि मध्यम आकाराच्या यंत्रावर काम भागतं. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर त्याची खोली पहिली. बाकीचं घर नंतर.

हाताशी काय हवं

- पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, दाखवणारा छोटा मॉनिटर. शक्य असेल तर कार्बन डायऑक्साइडही दाखवणारा
- मोजपट्टी
- फोमची किंवा रबराची चिकटपट्टी, दाराखाली लावायचा ब्रश, सिलिकॉन सीलंट
- एअर प्युरिफायर, आणि त्याच्या फिल्टरचा मॉडेल क्रमांक कुठेतरी लिहून ठेवलेला
- एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचे मास्क
- घरात श्वसनाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेला ॲक्शन प्लॅन आणि चालू औषधांची यादी

सगळं एकदम आणायची गरज नाही. मॉनिटर मात्र आधी घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

१. आकडा वाचायला शिका

ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो एक्यूआय हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहे. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला जो सर्वांत मोठा, तोच एक्यूआय म्हणून जाहीर होतो. ती बेरीज नसते आणि सरासरीही नसते. त्यात देशागणिक पट्टी वेगळी. पीएम २.५ चं प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारताच्या पट्टीवर एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकेच्या पट्टीवर हीच हवा १५० च्या वर जाते, म्हणजे 'अपायकारक'. दोन ॲप दोन आकडे दाखवतात तेव्हा गोंधळ बहुधा इथलाच असतो.

म्हणून एक्यूआय सोडा आणि पीएम २.५ चं मायक्रोग्रॅममधलं प्रमाण बघायची सवय लावा. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असे हे कण असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना येईल. हे कण नाकात-घशात अडकत नाहीत, फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा आहे २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीला ५. मोठ्या शहरात बाहेर हे आकडे मिळणं कठीण. झोपायच्या खोलीत १५ च्या आत राहणं मात्र जमण्यासारखं आहे, आणि आपलं लक्ष्य तेवढंच.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. जाहीर होणारा आकडा बऱ्याचदा २४ तासांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे तासाभरापूर्वी वाढलेला धूर त्यात दिसत नाही. ताशी आकडे दाखवणारं पान शोधा. दुसरं, त्या दिवशी मुख्य प्रदूषक कोणता ते बघा. तो ओझोन असेल तर उपाय बदलतात, कारण कण अडवणारा फिल्टर वायू अडवत नाही.

२. खिडक्यांचं वेळापत्रक बनवा

खिडक्या कायम बंद किंवा कायम उघड्या, हे दोन्ही चूक. हवा दिवसभर सारखी नसते.

थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. वाहनांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्या पातळ थरात साचत जातो. त्यामुळे 'पहाटेची ताजी हवा' ही त्या दिवसांत बऱ्याच शहरांत चोवीस तासांतली सर्वांत वाईट हवा असू शकते. ऊन चढलं, जमीन तापली की हवा वरखाली मिसळते आणि दुपारपर्यंत आकडा उतरतो. ओझोनचं याच्या उलट असतं. तो थेट धुराड्यातून येत नाही. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून तयार होतो, म्हणून कडक उन्हाच्या दुपारी आणि संध्याकाळच्या सुरुवातीला जास्त असतो.

तुमच्या भागाचं वेळापत्रक तुम्हालाच काढावं लागेल. आठवडाभर सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आणि झोपताना ताशी आकडा कॅलेंडरवर लिहा. चित्र लगेच दिसायला लागतं. ज्या वेळी आकडा सर्वांत खाली असतो, ती तुमची खिडकी उघडायची वेळ. चांगला पाऊस पडून गेल्यावर किंवा जोराचा वारा सुटल्यावर मिळणारे तासही सोडू नका.

कोणती खिडकी उघडता यालाही महत्त्व आहे. मोठ्या रस्त्याच्या धुराचा त्रास साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत जाणवतो आणि कडेला सर्वांत जास्त. रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून मागच्या बाजूची उघडा. सोपा उपाय आहे, फुकटचा आहे, आणि कोणी करत नाही.

३. फटी शोधा आणि बुजवा

खिडकी बंद केली म्हणजे हवा थांबली असं नसतं. सरकत्या खिडकीच्या दोन तावदानांमधली फट, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, दाराखालची जागा, सगळीकडून हवा येत असते. टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी फाडा, दोन बोटांत धरा आणि खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू फिरवा. जिथे पट्टी आत झुकेल किंवा थरथरेल तिथे पेन्सिलने खूण करा. वाऱ्याच्या दिवशी हे करा, नाहीतर काहीच हलणार नाही.

सरकत्या खिडकीला लोकरी ब्रशची पट्टी मिळते, ती झिजली असेल तर बदला. उघड-बंद होणाऱ्या पल्ल्यांना फोम किंवा रबर. चिकटवण्याआधी चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर लावलेली पट्टी लवकरच सुटून लोंबायला लागते. पाइपच्या भोकाला सिलिकॉन. खिडकीचा एसी असेल तर बाहेरची हवा आत घेणारी खिटी बंद आहे ना ते बघा. स्प्लिट एसी सहसा खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची चिंता नको. पण त्याची जाळी म्हणजे प्युरिफायर, असंही समजू नका.

एक गोष्ट हमखास सुटते. स्वयंपाकघराचा किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू असला की तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच दुसरीकडून आत ओढली जाते. ती येते तुमच्या झोपायच्या खोलीच्या फटीतून. बाथरूमचा पंखा रात्रभर चालू ठेवायची सवय असेल तर ती मोडा, आणि खोलीच्या दाराखाली ब्रश लावा.

आता इशारा, आणि हा गंमत म्हणून घेऊ नका. गॅस गिझर, गॅस हीटर, शेगडी अशी ज्वलनाची कोणतीही वस्तू ज्या खोलीत आहे ती खोली कधीही बंदिस्त करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. अशी वस्तू घरात कुठेही असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. पीएम २.५ चा मॉनिटर हा वायू दाखवत नाही.

४. प्युरिफायर निवडा, आणि तो नीट चालवा

जाहिरातीतलं सगळं बाजूला ठेवून एकच आकडा विचारा: सीएडीआर. म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. तो किती हवा हे घरी मोजपट्टी घेऊन काढता येतं. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा आणि उत्तराला पाचाने गुणा, कारण खोलीतली हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असा हिशेब धरायचा आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीचं घनफळ ३३.६ घनमीटर, म्हणजे सीएडीआर साधारण १७० हवा. काही ठिकाणी आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असा, देतात. एक सीएफएम म्हणजे सुमारे १.७ घनमीटर प्रति तास.

इथे मुख्य सापळा आहे. खोक्यावरचा सीएडीआर असतो सर्वांत वरच्या वेगाचा, आणि त्या वेगाला यंत्र एवढं घोंघावतं की त्या आवाजात कोणी झोपत नाही. झोपताना तुम्ही वेग कमी करणार आणि सीएडीआर निम्म्याच्याही खाली येणार. म्हणून हिशेबाने १७० आलं तर ३५० च्या आसपासचं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. लहान यंत्र जोरात चालवण्यापेक्षा मोठं यंत्र निवांत चालवणं केव्हाही परवडतं.

फिल्टर खरा हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा दाट तंतूंचा, असावा. अमेरिकी मानकाप्रमाणे तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. युरोपीय एच १३ दर्जाला ९९.९५ टक्के. ०.३ हा आकार यासाठी निवडतात की त्याच्या आसपासचे कण अडवायला सर्वांत अवघड असतात. त्याहून मोठे तर अडकतातच, आणि त्याहून बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटत तंतूंना जाऊन चिकटतात. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल तर पुढे चला.

आयोनायझर आणि प्लाझ्मा वगैरेची बटणं बंद ठेवा. त्यातून कमीअधिक ओझोन निघू शकतो, आणि ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रास देतो. 'ओझोन सोडून हवा शुद्ध करणारं' यंत्र तर घरात नकोच. कोळशाचा पातळ थर असलेला फिल्टर वासाला थोडा उपयोगी पडतो, पण वायूंवर फार भरवसा ठेवू नका. त्यासाठी भरपूर कोळसा लागतो आणि तो असला की यंत्र उचलताना कळतंच.

झाडांबद्दल नेहमी विचारतात. कुंड्या जरूर ठेवा, पण शोभेसाठी. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी जुने प्रयोग तपासून हिशेब मांडला, तेव्हा घरात नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. आणि तेही काही वायूंच्या बाबतीत.

यंत्र घरी आलं की:

- आधी मागचं झाकण उघडा. नवा फिल्टर बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच आत बसवलेला असतो. ती पिशवी न काढता महिनोन्‌महिने यंत्र चालवणारे लोक खरोखर असतात.
- भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर दूर ठेवा. कोपऱ्यात किंवा कपाटाच्या आडोशाला ठेवलं तर ते स्वतःचीच हवा परत ओढतं.
- ऑटो मोडवर विसंबू नका. त्याचा सेन्सर यंत्राच्या अंगावर असतो, म्हणजे खोलीत सर्वांत स्वच्छ हवा असते नेमकी तिथे. तो समाधानी होऊन वेग कमी करतो आणि पलंगाच्या डोक्याकडे आकडा वरच असतो.
- झोपायच्या अर्धा तास आधी दार लावून पूर्ण वेगाने चालवा, मग मधल्या वेगावर आणा.
- हेपा फिल्टर धुवायचा नाही. बाहेरची जाळी तेवढी साफ करायची.
- 'फिल्टर बदला' हा दिवा बऱ्याच यंत्रांत नुसते तास मोजत असतो. खरी खूण म्हणजे नेहमीच्या वेगाला आकडा उतरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणं, किंवा फिल्टरला कुबट वास येणं.

विकतचं यंत्र आवाक्याबाहेर असेल तर घरीही जमतं. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या नावाने ओळखला जाणारा डबा २०२० पासून जगभर बनवला जातोय. एमईआरव्ही १३ दर्जाचे (फिल्टर किती बारीक कण अडवतो याची ही प्रतवारी) चार-पाच चपटे फिल्टर चिकटपट्टीने खोक्यासारखे जोडायचे आणि उघड्या बाजूला चौकोनी पंखा, हवा बाहेर फेकेल असा बसवायचा. हवा चांगली गाळतो. दिसायला ओबडधोबड, आवाजाला मोठा. जुनाट पंखा वापरू नका, आणि झोपेत किंवा घराबाहेर जाताना तो चालू ठेवू नका.

५. कोंडलेल्या हवेकडे लक्ष द्या

खोली चांगली बंद झाली की नवा प्रश्न येतो: डोकं जड होणं, सकाळी उठल्यावर उदास वाटणं. हा श्वासातून साचलेला कार्बन डायऑक्साइड आणि कोंडलेपणा. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. बंद खोलीत दोघं झोपली की रात्रीतून २००० च्या पुढे सहज जातो. १००० च्या आत राहिला तर उत्तम. प्युरिफायर यात काहीही करत नाही, तो फक्त कण गाळतो.

उपाय साधा आहे. पायरी २ मधल्या चांगल्या वेळी समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं सताड उघडा, मग बंद करून प्युरिफायर जोरात लावा. रात्री खोलीचं दार घराच्या आतल्या बाजूला किंचित किलकिलं ठेवा. बाहेरची खिडकी उघडी ठेवून प्युरिफायर चालवणं मात्र गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखं आहे.

६. घरातला धूर कमी करा

यावर फार बोलायला नको. बाहेरची हवा वाईट आहे त्या दिवशी खिडक्या बंद असतात, म्हणून आत केलेला धूर आतच राहतो. तळण, मेणबत्त्या, उदबत्ती, सिगारेट हे त्या दिवशी टाळा. डासांसाठी कॉइल तर काढूनच टाका आणि जाळी लावा; २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते, त्याला हेपा फिल्टर असेल तरच वापरा. गार वाफ सोडणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये नळाचं जड पाणी घातलं तर त्यातले क्षार कण होऊन हवेत उडतात आणि मॉनिटरवरचा आकडा अचानक चढतो. त्यात डिस्टिल्ड पाणी घाला.

७. बाहेर पडताना

कापडी मास्क आणि सर्जिकल मास्क बारीक कणांना फारसे अडवत नाहीत. बाजूच्या फटीतून हवा जाते. एन ९५ किमान ९५ टक्के कण अडवतो, एफएफपी २ किमान ९४ टक्के, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तर. मास्क लावून दोन्ही हातांनी झाका आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर नाकावरची पट्टी दाबा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, याला इलाज नाही. प्रदूषणासाठी व्हॉल्व्ह असलेला मास्क चालतो. ओझोन आणि इतर वायू या मास्कने थांबत नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाला कुठलाच मास्क लावू नका, आणि हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

धावताना माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत घेतो, तीही तोंडाने. वाईट दिवशी व्यायाम घरात, स्वच्छ केलेल्या खोलीत. चालत जायचं असेल तर हमरस्ता सोडून एक गल्ली आतून जा. गाडीत काचा बंद करून आतली हवा फिरवणारं बटण दाबा. लांबच्या प्रवासात पेंग येऊ नये म्हणून अधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. केबिन फिल्टर शेवटचा कधी बदलला तेही विचारून घ्या.

८. ज्यांना आधी त्रास होतो त्यांची तयारी

लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात. गरोदर बायका, वयस्कर माणसं, दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकाळ चालणारा आजार) आणि हृदयविकाराचे रुग्ण यांचीही काळजी वेगळी घ्यावी लागते. हवा बिघडायचा मोसम सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या: रोजचं औषध कोणतं, त्रास वाढला तर कोणतं आणि किती, कोणत्या लक्षणाला थेट दवाखाना गाठायचा. तो कागद फ्रीजवर लावा. इनहेलरची मुदत आणि उरलेले डोस तपासा. बरं वाटतंय म्हणून रोजचं औषध स्वतःहून बंद करू नका, हा नेहमीचा घोळ आहे.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही इतकी धाप, ओठ निळसर, छातीत दुखणं, इनहेलर घेऊनही आराम नाही, यातलं काहीही दिसलं तर मॉनिटर, ॲप, प्युरिफायर सगळं सोडून रुग्णवाहिका बोलवा.

९. काम झालं का ते मोजा

मॉनिटर उशीजवळ, डोक्याच्या उंचीला ठेवा. यंत्रावर नको आणि खिडकीतही नको. आधी खिडकीबाहेरचा आकडा घ्या. मग खोली बंद करून, प्युरिफायर न लावता तासाभराने. मग प्युरिफायर लावून अर्ध्या तासाने. बाहेर ९०, बंद खोलीत ६० आणि यंत्र लावल्यावर १० असं काहीसं आलं तर सगळं जागेवर आहे. बंद खोलीतला आकडा बाहेरच्याइतकाच असेल तर पायरी ३ कडे परत जा, फटी राहिल्यात. यंत्र लावूनही ३०-४० च्या खाली येत नसेल तर यंत्र लहान पडतंय, फिल्टर भरलाय किंवा कुठेतरी एक्झॉस्ट चालू आहे.

स्वस्त मॉनिटर लेझरचा उजेड कणांवर पाडून मोजतात, त्यामुळे दमट हवेत आणि धुक्यात फुगवून आकडा दाखवतात. त्याच्या दशांशांवर वाद घालू नका. आत आणि बाहेर एकाच मॉनिटरने मोजा आणि फरक बघा. वर्षातून एकदा त्याच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा.

लागोपाठ काही रात्री आकडा १५ च्या आत राहिला की दुसरी खोली घ्या, मोजपट्टीपासून सुरुवात करून. तिच्यासाठी यंत्र घेताना पहिल्याचाच फिल्टर बसेल असं मॉडेल बघा, म्हणजे बदलीचा एकच साठा ठेवावा लागेल. आणि फिल्टर मोसम सुरू व्हायच्या महिनाभर आधी मागवा. हवा बिघडल्यावर सगळेच मागवतात आणि दुकानात मग 'हेपासारखे' तेवढे उरतात.